'काम' आणि 'बाबा'

संशय हा माझ्या पोटापाण्याचाच भाग होता. एका सरकारी कचेरीत मी बावीस वर्षं खातेनिहाय चौकशीच्या फायली सांभाळल्या. आमचा एक अलिखित नियम होता: ज्याच्यावर संशय, त्याला सगळ्यात शेवटी विचारायचं, आधी कागद गोळा करायचे. हा नियम मी घरीही पाळायचो आणि वर त्याचा अभिमान बाळगायचो.

मुलगी कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला होती. कर्वेनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये तिचा कॉम्प्युटर हॉलमध्येच होता. मीही त्यावर पत्रं टाइप करायला शिकलो होतो. एका सकाळी बटण दाबलं, तर निळा पडदा आणि त्यावर इंग्रजी अक्षरांत दोन ओळी. वर 'काम', खाली 'बाबा'. शेजारी दहापासून उलटे आकडे. चष्मा सापडेपर्यंत आकडे संपले आणि मशीन आपलं आपणच 'काम'मध्ये शिरलं. तिथे मला पासवर्ड विचारला. माझ्याच घरात, मला!

संध्याकाळी ती सहज म्हणाली, "बाबा, प्रोजेक्टसाठी दुसरी सिस्टिम टाकलीये. सुरू झालं की बाण खाली घ्या आणि एंटर मारा. तुमचं सगळं जागेवर आहे."

सहज म्हणाली, तेच मला खटकलं. न विचारता खुलासा देणाऱ्याकडे मी नेहमी दोनदा बघत आलोय. आणि कामच असेल, तर त्याला कुलूप कशाला? कुणाचा फोन आला की ती हसते, मी मागे उभा राहिलो की पडद्यावर काय असतं, सगळ्यावर मी नजर ठेवली. पडद्यावर असायच्या नुसत्या इंग्रजी अक्षरांच्या रांगा. त्याही मला संशयास्पद वाटल्या. कुणीतरी मुलगा आहे, असं मी ठरवूनच टाकलं.

"अहो, विचारा की तिला," बायको म्हणाली.

"विचारून खरं कोण सांगतं?"

"मी सांगितलं असतं. पण मला तरी तुम्ही कधी काही विचारलंत?"

मी तिकडे दुर्लक्ष केलं. मुलगी कॉलेजला गेल्यावर स्वारगेटजवळच्या दुकानातून दुरुस्तीवाल्याला बोलावलं आणि सांगितलं, सुरुवातीला येणारी ही दोन ओळींची यादी काढा, मशीन पूर्वीसारखं सरळ सुरू झालं पाहिजे.

"काका, दुसऱ्या सिस्टिममध्ये कुणाचं काही आहे का?"

"काही नाही," मी म्हणालो. लोकांचे खोटे जबाब पकडण्यात हयात गेली. हा माझा स्वतःचा पहिलाच. त्याने एक फ्लॉपी घातली, एक ओळ टाइप केली, आणि यादी गेली.

दुपारी मुलगी आली, मशीन सुरू केलं, तर ते न विचारता थेट 'बाबा'मध्ये शिरलं. मग तिचा आवाज फुटला, "आई, उद्या सबमिशन आहे गं. चार महिन्यांचं काम होतं!" ती लहानपणी रडायची तशी रडायला लागली. मी कबूल केलं. तिने वर्गातल्या मैत्रिणीला फोन केला. मैत्रीण स्कूटीवरून एक सीडी घेऊन आली. अर्ध्या तासात यादी परत दिसू लागली. दुरुस्तीवाल्याने फक्त आत जायची वाट काढली होती, काम शाबूत होतं. मी पहिल्यांदाच ते पाहिलं: स्वारगेटहून कुठल्या गावाची गाडी किती वाजता सुटते, ते सांगणारा प्रोग्रॅम. मुलगा कुठेच नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मैत्रीण गेल्यावर मुलीने एका चिठ्ठीवर काहीतरी लिहून माझ्यापुढे धरलं.

"पासवर्ड. आत जा आणि काय बघायचं ते बघून घ्या."

"नको गं."

"घ्या, बाबा. पहिल्या दिवशी मागितला असतात, तर तेव्हाच दिला असता."

प्रोजेक्ट उत्तम झालं, कॉलेजात तिचं कौतुकही झालं. पण त्यानंतर ती घरच्या कॉम्प्युटरवर बसली नाही. सगळं काम कॉलेजच्या लॅबमध्ये उरकूनच घरी यायची.