‘लिलाव’ शब्दाचा सातबारा

अर्जदार : प्रस्तुत लेखक, वय वर्षे त्रेपन्न, शिक्षण नववी पास, राहणार बोळिंज, व्यवसाय वसई कोर्टाबाहेर अर्जनवीस. घटनेचा दिनांक : मागील मार्गशीर्षातील एक गुरुवार, दुपारची सुट्टी. साक्षीदार तीन : शेजारच्या टेबलाचे मुसलमान मुद्रांकविक्रेते, एक निवृत्त ख्रिस्ती शिक्षक आणि वाडीवाल्या बागायतदार बाई. नावे कोणाचीच देत नाही, कारण प्रकरण त्यावाचूनही भक्कम आहे.

देवस्थानाच्या नारळांचा लिलाव आठवडाभर पुढे ढकलावा, असा अर्ज बाईंना विश्वस्तांकडे द्यावयाचा होता. मी मजकूर टंकित करीत असता, प्रतिज्ञापत्रासाठी थांबलेले शिक्षक माझ्या खांद्यावरून वाचू लागले.

“लिलाव हा शब्द आमचा बरं का. पोर्तुगिजांबरोबर आला. आमच्या सणाला केळीचा घड अजून तसाच पुकारतात.”

मुद्रांकविक्रेत्यांनी शिक्का खाली ठेवला. “सर, पोर्तुगिजांना तो कुणी दिला? अरबी शब्द आहे. असली माल आमचा.”

“शब्द कुणाचा का असेना, नारळ देवाचे आहेत,” बाई म्हणाल्या. “अर्ज आज होईल ना, भाऊ?”

अर्ज त्याच दिवशी झाला. वाद मात्र माझ्याकडे निकालासाठी राहिला, आणि ऐकीव पुराव्यावर निकाल देणे माझ्या स्वभावात नाही.

पुढे चार महिने मी दर रविवारी वाचनालयात बसलो. शिक्षक इंग्रजी ग्रंथ वाचून अर्थ सांगत, मी वहीत उतरवून घेई. शाळेत ज्या विषयाने मला दहावीत अडवले, तोच इतिहास मी या वयात फेरफार नोंदींसारखा लावून घेतला. पोर्तुगिजांच्या मुलखात रोमनांनंतर व्हिसिगॉथ राजे आले. त्यांनी जेते आणि जित या दोघांना एकच लेखी कायदा लावला. आठव्या शतकात मुसलमानांचे राज्य झाले, तरी ख्रिस्ती प्रजेचे आपसांतले तंटे त्याच जुन्या कायद्याने मिटत राहिले. पुढे ख्रिस्ती राजांनी मुलूख परत घेतला, पण अरबी शब्द लोकांच्या तोंडून कोणाला काढता आले नाहीत. जाहीर करणे अशा अर्थाचा अरबी शब्द पोर्तुगीज जिभेवर ‘लैलांव’ झाला आणि गलबतातून आमच्या किनाऱ्याला लागला. वसईने गुजरातचा सुलतान पाहिला, पोर्तुगीज पाहिले, मराठे पाहिले. शब्द इथलाच होऊन राहिला. मी रोज लिहितो तो ‘अर्ज’ शब्दही मुळात अरबीच निघाला. त्या दिवशी माझ्या टेबलाकडे मी नव्या आदराने पाहिले, हे नमूद करतो.

निकाल मी तिघांसमक्ष वाचून दाखवला. मूळ मालकी अरबांची, हस्तांतर पोर्तुगिजांचे.

“आणि ताबा?” मुद्रांकविक्रेत्यांनी विचारले.

“ताबा आणि वहिवाट बाईंची.”

“मग पुढच्या लिलावात नारळ मलाच सुटायला हवेत,” बाई म्हणाल्या. शिक्षकांनी मात्र उठून माझा हात हातात घेतला. पदवीधर माणसाने असे करावे, हे माझ्या आयुष्यात प्रथमच घडले.

त्या धीरावर मी त्याच वाचनालयाच्या व्याख्यानमालेत एक सत्र मागितले. चिटणीस सौजन्याने बोलले. “अहो, गॉथ आणि अरबांचा वसईशी संबंध काय? शिवाय वक्ता पदवीधर लागतो. तुम्ही निमंत्रणपत्रिका टंकित करून द्या ना, तुमचं शुद्धलेखन उत्तम.”

मी पत्रिका करून दिली. प्रत्येक वक्त्याची पदवी त्याच्या नावापुढे बिनचूक लिहिली. दुसऱ्या दिवशी मुद्रांकविक्रेते म्हणाले, “रायटरसाहेब, जगाचे अर्ज करता, स्वतःचा तोंडी का केला?” त्यांचे म्हणणे कायदेशीर होते. म्हणून हा लेखी.

सबब विनंती की, अर्जदारास येत्या व्याख्यानमालेत वीस मिनिटे बोलू द्यावे. विषयाचा वसईशी संबंध वर दाखवला आहे, तो खोडता येत असल्यास खोडावा. शिक्षण नववी हे अर्जदारास मान्य आहे, त्यावर वाद नाही. नकार द्यावयाचा झाल्यास तो सकारण, सहीनिशी आणि लेखी द्यावा.