शेवटच्या टोकापासूनचा टोल

आमच्या नंदुरबारकडे पाहुणा निघायच्या तयारीत दिसला की त्याच्या चपला गायब होतात. तो अंगणात अनवाणी उभा राहून ओरडतो, "मन्ह्या चपला कोनी दपाड्या?" दपाडणं म्हणजे लपवणं. घरातले सगळे साळसूद चेहऱ्यानं म्हणतात, "आम्हले काय माहीत? आज ऱ्हाई जा, सकाय जाजो." पाहुणा दोन शिव्या हासडतो, मनातून सुखावतो आणि राहतो. ज्याला चपला जागेवर सापडतात, त्यानं काय ते समजून घ्यावं.

माझी बायको या कामात पटाईत होती. माझ्या मेहुण्याच्या चपला तिनं एकदा ज्वारीच्या कोठीत टाकल्या होत्या. आमचा एकुलता एक मुलगा तिचा साथीदार. पळवायच्या त्यानं, जागा ठरवायची तिनं.

बायको गेली त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मुलानं मला जर्मनीला बोलावलं. तो तिथं नोकरी करतो, एकटाच असतो. माझं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. उन्हाळ्यात गिऱ्हाईक बरं असतं, तरी कुलूप लावून गेलो. महिनाभर तो सकाळी ऑफिसला जायचा आणि मी खिडकीत बसायचो. खाली रस्ता एवढा स्वच्छ की बघायलाच काही नाही. कुणी भांडत नाही, कुणी हाक मारत नाही. मी दिवसाला चार वेळा चहा करायचो, तेवढंच काम.

मला एकच गोष्ट हवी होती. जायची वेळ आली की त्यानं म्हणावं, "आप्पा, ऱ्हाई जा." मी राहिलो नसतो. तिथली थंडी, तिथली भाजी, मुलुखभर कुणाशी बोलता येऊ नये असं तोंड, मला कुठलं जमायला! पण म्हणायला काय जातं? अर्थात मी तरी माझ्या बापाला कधी तोंडानं राहा म्हटलं होतं? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. ते काम घरात बायका करायच्या, आणि बाई आता उरली नव्हती.

निघायच्या दिवशी सकाळी दाराशी गेलो तर चपला नाहीत. खरं सांगतो, मन एकदम हरखलं. मी मुद्दाम मोठ्यानं म्हणालो, "अरे, माझ्या चपला कुठं आहेत?"

"बॅगेत ठेवल्या, आप्पा," तो आतून म्हणाला. "विमानात बूटच बरे. बॅगेचं वजनही करून ठेवलंय."

मी गपचूप बूट घातले. लेस बांधायला वाकलो तेव्हा जरा जास्तच वेळ लावला.

माझं विमान इटलीतल्या मिलानहून होतं. त्यानं रजा काढली होती, गाडीनं डोंगर दाखवत नेतो म्हणाला. आम्ही निघालो. डोंगर मोठे होते, यात वाद नाही. त्यांच्यापुढं आमचा सातपुडा म्हणजे बांध. पण डोंगर बघून बघून माणूस किती बघणार? बाजूला पोरगा बसलाय आणि बोलतोय काय, तर "पाणी हवंय का? एसी कमी करू का?" लहानपणी अहिराणीत डोकं खाणारा हा पोरगा आता माझ्याशी कचेरीतल्या साहेबासारखं शुद्ध मराठी बोलतो. मीही मग शुद्धच बोलतो. त्या मराठीत आम्ही दोघं इस्त्रीचे कपडे घालून बसल्यासारखे दिसत असणार.

टोलची तर तिथं वेगळीच तऱ्हा. जर्मनीत आमच्या गाडीला टोल नव्हता. ऑस्ट्रियात काचेवर स्टिकर चिकटवला की झालं, त्यावर एका घाटाचा टोल निराळा. इटलीत शिरलो तर फाटकावर एक खांब, त्यानं जीभ काढावी तसं तिकीट बाहेर काढलं. माणूस कुठंच नाही. आमच्याकडं यंत्रानं फास्टॅग वाचला नाही की निदान एक पोरगा धावत येतो, मी काच खाली करतो, दोघं मनसोक्त भांडतो. नवापूरकडून सुरतेला माल आणायला जाताना माझं निम्मं बोलणं टोलनाक्यावरच व्हायचं. बायको म्हणायची, तुम्ही टोल भरत नाही, वसूल करता.

मुलानं तिकीट माझ्या हातात दिलं. "आप्पा, हे तेवढं सांभाळा. बाहेर पडताना दाखवावं लागतं. हरवलं तर रस्त्याच्या शेवटच्या टोकापासूनचा टोल घेतात, म्हणजे जवळजवळ दुप्पट."

मी ते शर्टाच्या खिशात ठेवलं. एवढ्या मोठ्या युरोपात माझ्याकडं तेवढीच एक जबाबदारी होती. दर थोड्या वेळानं मी खिसा चाचपायचो. द्राक्षाचे मळे गेले, सपाट शेतं आली, अगदी आमच्या रनाळे गावाकडच्यासारखी, आणि मला एकदम रडू यायला लागलं. मी बाहेर बघत राहिलो.

मिलान जवळ आलं. समोर टोलची फाटकं दिसली. तो म्हणाला, "हे झालं की विमानतळ अर्धा-पाऊण तास." गाडी खांबापाशी लागली. त्यानं माझ्याकडं हात केला. "आप्पा, तिकीट?"

तिकीट माझ्या खिशात होतं. मी म्हणालो, "सापडत नाही."

का म्हणालो, ते त्या क्षणी मलाही कळलं नाही. मी पँटचे खिसे उलटे केले, पिशवी धुंडाळली, सीटखाली वाकलो. मागं गाड्या लागल्या, एकानं हॉर्न दिला. पाहुण्यानंच आपल्या चपला दपाडायच्या, अशी वेळ माझ्यावर आली होती.

मुलानं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता चिडेल. "असू द्या," एवढंच म्हणाला. खांबावरचं बटण दाबून त्यानं कुणाशी तरी त्यांच्या भाषेत बोलून घेतलं, शेवटच्या टोकापासूनचा टोल भरला, आणि दांडा वर गेला. दुप्पट तर दुप्पट, पण थांबणं काही झालं नाही. विमानतळावर त्यानं वाकून नमस्कार केला. मी "येतो" म्हणालो. तो "पोचलात की फोन करा" म्हणाला.

घरी आल्यावर ते तिकीट मी दुकानातल्या काउंटरच्या काचेखाली सरकवलं. गिऱ्हाईक विचारतं, हे काय? मी म्हणतो, इटलीची पावती.

पुढं एका रविवारी दुपारी त्याचा फोन आला. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, सगळं झालं. मग तो कितीतरी वर्षांनी माझ्याशी अहिराणीत बोलला.

"आप्पा, ते तिकीट तुम्हना खिसामाच व्हतं ना?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पांढरा शर्ट व्हता. आरपार दिखी ऱ्हायनं व्हतं."

"मंग बोलना का बरं नही?"

 

"माय ऱ्हाती ते चपला दपाडती," तो म्हणाला. "माले ते बी नही सुचनं. बॅगमा भरी दिन्ह्यात. मंग टोल तरी पुरा भरी दिन्हा."

मला खूप काही म्हणायचं होतं. मी म्हणालो, "बरं. ठेव आता, बिल वाढतं." फोनला बिल येत नाही, हे मला ठाऊक आहे, त्यालाही ठाऊक आहे.

मग दुकान परत उघडायला निघालो. दाराशी माझ्या चपला होत्या, जेवायला येताना काढल्या तशाच, जागच्या जागी.