फाटकातून जाणारं गाठोडं

लिंडीच्या बंदरावर होडीवाल्यांनी वावुवी फुटबॉल क्लब काढला, तेव्हा पहिले सदरे शिडाच्या कापडाचे शिवले होते. त्यातला एक, क्लबचे कपडे धुणाऱ्या बी तातूच्या बापाच्या अंगात होता. पुढे क्लबने एकदाच, पण राष्ट्रीय चषक जिंकला, तेव्हा त्या जर्सींचा घाम धुवायला बी तातू होती. त्याला एकतीस वर्षं झाली. लोक तिला धोबीण म्हणतात. म्हणू देत बापडे! अकरा नंबरची बाही कुठे उसवते, हे क्लबात दुसऱ्या कुणाला ठाऊक आहे?

आता क्लबची रया गेली होती. हंगामाचा शेवटचा सामना परगावी होता. जिंकला तर वरच्या श्रेणीत राहायचं, नाहीतर खाली घसरायचं. बस मैदानाजवळ आली तसे सचिव साल्मिनी, ज्यांना सगळे आदराने म्झे म्हणत, उठून उभे राहिले.

"फाटकातून कुणी जायचं नाही. त्यांनी तिथे काहीतरी मंतरलेलं पुरलंय, पक्की खबर आहे. मागच्या भिंतीवरून उड्या मारायच्या. कपड्यांचं गाठोडंही तिकडूनच."

यात नवल काहीच नव्हतं. आमच्या किनाऱ्यावर पाहुणा संघ फाटकाला भितो, आणि यजमान संघ त्या भीतीवर अर्धा सामना जिंकतो. बी तातूही भ्यायची. चार वर्षांपूर्वी याच भिंतीवर तिचा मुलगा हातिबू बसून राहिला होता, तेव्हा खालून "मार की उडी, घाबरट कुठला!" असं ओरडणारी तीच होती. त्याने उडी मारली आणि घोटा मोडला, तो कायमचा. वावुवीचा सगळ्यात चपळ गडी आता लिंडीत रिक्षा चालवतो. आईला तो एका शब्दाने बोलला नाही, आणि तेच तिला आजही सलतं.

ती बसमधून उतरली. जर्सी तिने ठेवणीतल्या कांगात, अंगाभोवती गुंडाळायच्या छापील कापडात, बांधल्या होत्या. आमच्या बायका तोंडाने बोलत नाहीत ते कांगावर छापलेल्या म्हणीने बोलतात. गाठोड्यावर ठळक अक्षरं होती : पाहुणा दारातून येतो.

साल्मिनींनी वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला. "बी तातू, हे मला उद्देशून?"

"कांगा बाजारात मिळतो, म्झे. ज्याला लागला त्याचा."

गाठोडं डोक्यावर घेऊन ती फाटकाकडे निघाली.

"अगं, वेड लागलं का? कपडे बाधले तर क्लब बुडेल! तुझ्या बापाचा क्लब!" साल्मिनी ओरडले.

बी तातू वळली. "बापाचा आहे म्हणूनच सांगते. चार वर्षं भिंती चढतोय. काय मिळालं? माझ्या पोराचा पाय गेला. मीच घालवला तो. आज दुसऱ्या कुणाचा जाऊ देणार नाही. ज्याला जर्सी हवी त्याने माझ्यामागे यावं. नको असेल त्याने उघड्याने खेळावं!"

कप्तान माकामे भिंतीवर एक पाय टाकून बसला होता. तो खाली उतरला. "चल बी तातू," तो म्हणाला, "पण तू पुढे हो हं. काही पुरलं असेल तर आधी तुला दिसेल."

"मेल्या, मला दिसलं तर उपटूनच फेकेन!"

पोरं हसली आणि हसतहसतच एकेक करून तिच्यामागे फाटकातून आत गेली. साल्मिनी एकटेच हट्टाने भिंतीवर चढले. उतरताना विजार खिळ्याला अडकली आणि टरकन फाटली.

सामना संपायला सहा मिनिटं असताना माकामेने डोक्याने गोल मारला. वावुवी वाचला. बी तातूने पदर तोंडात धरला आणि ढसाढसा रडली.

परतीच्या बसमध्ये साल्मिनी फाटकी विजार हाताने झाकत म्हणाले, "मी भिंतीवरून आलो म्हणून त्यांचा मंत्र तुटला, लक्षात ठेवा. श्रेय कुणाचं ते विसरू नका."

सगळे बी तातूकडे बघू लागले. आता ती काय सुनावते!

"तुमचंच, म्झे," ती शांतपणे म्हणाली. "आजपासून दर सामन्याला भिंतीवरून तुम्हीच या. विजार मी शिवून देत जाईन. पोरं फाटकातून जातील."

लिंडी आली तेव्हा हातिबू रिक्षा घेऊन उभा होता. लंगडत पुढे येऊन त्याने तिच्या डोक्यावरचं गाठोडं उतरवलं, त्यावरची अक्षरं वाचली आणि चार वर्षांत पहिल्यांदा त्या दिवसाबद्दल बोलला.

"आई, तेव्हा मीही घाबरलोच होतो गं."