छोटेलालने तासलेली अकरा वर्षं

फुलचूरच्या लाकूड कापायच्या आरा मशीनवर छोटेलालने चाळीस वर्षं काढली. ओंडका नुसता ठोकून तो आतून पोकळ की भरीव ते सांगतो, आणि चुकला तर दिवसभर कुणाशी बोलत नाही. हा माणूस माझा शेजारी. जळणाची लाकडंसुद्धा एका मापाची रचतो, त्याच्या टापटिपीचा मला भारी वैताग. त्या टापटिपीनेच परवा घात केला.

चेतना नावाची संशोधक मुलगी कचारगडकडच्या जंगलात वादळाने पडलेल्या एका जुन्या सागाचा बुंधा रीतसर परवानगीने घेऊन आली. सागाच्या खोडात दरवर्षी एक कडं वाढतं. उन्हाळा जितका करपवणारा, तितकं त्या वर्षीचं कडं बारीक. तापमानाच्या नोंदी तिच्याकडे सत्तर वर्षांच्या, झाड दीडशेच्या वरचं. नोंदींशी कडी जुळली, की नोंदींच्या आधीचे उन्हाळेही वाचता येणार होते. छोटेलालने बुंध्याची चकती कापून, घासून, गुळगुळीत करून दिली.

पण जुळेना. तापलेल्या वर्षांवर जाड कडी येत. पाचव्या दिवशी चेतना म्हणाली, हे झाड कामाचं नाही, उद्या मी जाते. इतका जुना साग दुसरा मिळणार नव्हता आणि तिचा तीन वर्षांचा अभ्यास त्यावरच उभा होता. छोटेलालने भीतभीत विचारलं, मोजणी कुठून करता? सालीखालच्या शेवटच्या कड्यापासून, ती म्हणाली.

छोटेलालने चकतीच्या कडेवर बोट ठेवलं.

"ते तं मीच उडवलं ना, बाई. किडकं पांढरं लाकूड कोनी ठेवते का?"

सागाचा बाहेरचा पांढरा भाग किडीला आवडतो, म्हणून आरावाले तो तासून टाकतात. चकती सुबक दिसावी म्हणून यानेही छिन्नीने उडवला होता. थोडा पांढरा पट्टा उरल्यामुळे चेतनाला वाटलं, फक्त साल गेली. तुकडे याने जळणाला घरी नेलेले.

मी तिथेच होतो, त्याला मागे बसवून स्कूटर काढली. घरी पोचलो तर शांतीबाईंनी, म्हणजे त्याच्या बायकोने, सगळे तुकडे चुलीत घातलेले. एक तेवढा पाण्याच्या माठाला टेकू म्हणून लावला होता. छोटेलालने तो सरळ ओढला. माठ लवंडला, अंगणभर पाणी झालं, आणि शांतीबाई जे बोलल्या ते लिहिण्यासारखं नाही.

मशीनवर परतलो, तुकडा चकतीच्या कडेला चपखल बसला. चेतनाने भिंगातून मोजलं. अकरा कडी. सगळा हिशेब अकरा वर्षांनी सरकला आणि पहिल्या तापलेल्या वर्षावर बारीक कडं आलं. दुसऱ्यावरही. चौथ्याला ती उभीच राहिली, आणि मी, ज्याला यातलं ओ की ठो कळत नाही, टाळ्या वाजवत होतो. मग तिचं बोट नोंदींच्या पलीकडे, आत सरकलं. तिथे तीन बारीक कडी एकाला एक लागून होती.

"हे उन्हाळे कुठेच लिहिलेले नाहीत, काका. फक्त इथे आहेत."

छोटेलाल आनंदाने हसत होता, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. "चाळीस वर्सं मी असेच उडवून राहिलो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याचा मशीनवरचा जोडीदार विक्की नव्या ओंडक्याची कड तासायला लागला. छोटेलालने त्याचा हात धरला, मशीन बंद केली आणि गुडघे टेकून कडी मोजायला बसला. मालक ओरडत आला. छोटेलालने वर पाहिलंही नाही.

"थांबा जरा. हा ओंडका बोलून राहिला."