एक रिंग

झेंडूचा वास आला की भातकुलीचं आमचं घर आठवतं. बाबा फुलं घेऊन अमरावतीला गेले की तिथून मिस कॉल द्यायचे. एक रिंग म्हणजे सुखरूप पोचलो. आम्ही फोन उचलायचा नाही, उचलला की त्यांचे पैसे कटत. एके दिवशी मात्र रिंग थांबेचना. तेव्हा गावात सगळेच मिस कॉल द्यायचे; फोन असा वाजत राहिला, की कुणीतरी गेल्याचीच खबर असायची. हार ओवणाऱ्या आईची सुई हातातच राहिली. "उचल नं वं माय," मी रडत म्हणाले. तिनं फोन कानाला लावला. पलीकडे बाबाच होते. "अवं, कावून उचलून नाई राहिली? आज बोलनं फुकट हाय म्हने, बोल नं कायतरी!" आईनं फोन माझ्या कानाला लावला. आता बोलणं रोजच फुकट आहे. तरी घरून आलेल्या फोनची दुसरी रिंग वाजली, की माझा हात पुढे होत नाही.