वाघिणीचं ठिकाण

हे लिहायचा अधिकार खरं तर माझ्या मामांचा. पण त्यांना सहीपलीकडे लिहिता येत नाही आणि आमच्यात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. म्हणून धाडस करतोय. कमीजास्त झालं तर राग मानू नका.

पाटणच्या वरच्या जंगलात बाहेरून आणून एक वाघीण सोडली होती. वाघ नसला की सांबरं एकाच ओढ्याकाठी बिनघोर चरतात, रोपं वर येत नाहीत. ती आल्यावर हे बदलतं का, हे पाहायला मी खुडलेली रोपं मोजत होतो. तिच्या गळ्यातल्या पट्ट्यावरून ती कुठं आहे ते आम्हाला रोज कळायचं. ते ठिकाण बाहेर सांगायचं नाही, ही कामाची पहिली अट.

मामा दर हिवाळ्यात पूर्वेकडून मेंढरं घेऊन त्याच डोंगराखाली येतात. त्यांनी विचारलं, "ती कुठल्या अंगाला हाय एवढंच सांग की. मी मेंढरांचा वाडा लांब न्हेतो. का मामापरीस वाघीण जवळची झाली रं?"

मी सांगितलं.

चौथ्या दिवशी पट्ट्याचा सिग्नल बंद पडला. माझ्या अभ्यासाचे मार्गदर्शक सर म्हणाले, "दरीत उतरली असेल, तिथून सिग्नल येत नाही." मला मात्र आजोळची जुनी रीत आठवत होती. लांडग्यानं मेंढरू मारलं की उरलेल्या धडात विष घालून ठेवायचे. तो परत खायला येतोच.

मामांचा फोन बंद. वाड्याच्या जागी गेलो, तर विझलेली चूल आणि लेंड्या. तीन दिवस अँटेना धरून डोंगर हिंडलो. शेवटी सरांना सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. "उद्या वनखात्याला तुझ्या मामांचं नाव द्यावं लागेल," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, आम्ही निघायच्या आत, मामांचा फोन आला.

"अरं, मोबाईल वड्यात पडला हुता. तुझ्या वाघिणीनं परवा रातीला माझी बांडी मेंढी मारली गड्या."

"आवं मामा, त्या मेंढीत तुमी काय..."



"मनात आलं हुतं, खोटं कशाला बोलू? पर तुझी परीक्षा हाय न्हवं तिच्यावर? मेंढी हाय तिथंच ठिवली अन् वाडा परत हलवला. आत्ता टेकावरनं खाली दरीत बघतोय, उरल्याली खातीया. पट्टा हाय गळ्यात."