येतो म्हणायचं नाही

लग्नाच्या पंगतीत शेजारची बाई हमखास विचारते, "तुम्ही काय करता हो?" मी म्हणते, "श्रीवर्धनला दुकान आहे. अंत्यविधीचं सामान." झालं! बाई खुर्ची इंचभर पलीकडे सरकवते आणि वाढप्याला हाक मारते. पण जिलेबी येईपर्यंत तीच बाई कानाशी येऊन विचारते, "अहो, तुमच्याकडे एकेक किस्से असतील ना?"

असतील ना काय! अंगणात वाळत घातलेल्या सुपारीसारखं झालंय माझं. एक उचलायला जावं तर दहा घरंगळत येतात.

आधी आमची माणसं सांगते. मी, म्हणजे अख्ख्या बाजाराची मावशी. दुसरे रफिकभाई, आमची शववाहिनी चालवतात आणि जगातल्या प्रत्येक विषयावर बोलतात. तिसरा प्रशांत, माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. त्याने मुंबईला राहून रीतसर कोर्स केलाय. देह टिकवणं, चेहरा नीट करणं, सगळं त्याच्याकडे. हाताला फार गुण आहे पोराच्या.

फक्त लग्न जमत नव्हतं! पस्तिशी आली. मुलीकडचे धंदा ऐकायचे, "कळवतो" म्हणायचे, आणि मेले कोणी कळवायचे नाहीत. माझी बहीण तर दुसऱ्यांच्या लग्नाला जायचीच बंद झाली. मला भयंकर वाईट वाटायचं. आणि मला वाईट वाटलं की राग येतो, हा माझा स्वभाव आहे.

* * *

आमच्या लाईनमध्येही हल्ली ट्रेनिंग असतं बरं का! म्हसळ्याच्या हॉलमध्ये रिफ्रेशर ठेवतात. ग्लोव्हज कसे काढायचे, देह उचलताना कंबर कशी सांभाळायची, सगळं पडद्यावर दाखवतात. नाश्ता चांगला असतो, त्यामुळे हजेरी फुल.

एका वर्षी मुंबईहून एक नवीन सर आले. टाय वगैरे. हॉटेलवाल्यांना शिकवायचे आधी. विषय होता ग्राहकसेवा. म्हणाले, "गिऱ्हाईक निघताना हसून काय म्हणायचं? थँक यू, पुन्हा या!"

मी उभी राहिले. "सर, आमच्याकडे पुन्हा या म्हटलं, तर आमचंच मडकं आमच्या डोक्यात फुटेल!"

सर बिचारे लालेलाल. मग मीच त्यांना समजावलं. आपल्यात निघताना जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात. पण मयताच्या घरून निघताना येतो म्हणायचं नाही. त्या घरी पुन्हा अशा कामाला यायची वेळ येऊ नये, म्हणून. गुपचूप उठायचं, चपला घालायच्या, चालू पडायचं. आमच्या प्रशांतच्या तर ते इतकं अंगवळणी पडलंय की तो दुकानातून घरी जातानासुद्धा येतो म्हणत नाही. मान हलवतो आणि नाहीसा होतो.

सरांनी ते वहीत लिहून घेतलं. पुढच्या वर्षी ते आम्हालाच शिकवलं!

* * *

त्याच ट्रेनिंगची दुपार. सरांना प्रात्यक्षिकाला देह हवा होता. रफिकभाई लगेच तयार. भरपेट बिर्याणी झालेली, त्यांना फक्त आडवं व्हायला मिळाल्याशी मतलब. टेबलावर निजले, वरून पांढरी चादर.

सर सांगत होते, "लक्षात ठेवा, मृताची कवळी असेल तर ती आधी बसवायची. उशीर केलात तर जबडा आखडतो, मग काही करता येत नाही." प्रशांत पुढे बसून मन लावून ऐकत होता.

तेवढ्यात कँटीनचे काका ट्रे घेऊन आले. नवीन होते. दारातून विचारलं, "चहा किती?"

चादरीखालून हात वर झाला. "एक बिनसाखरेचा!"

ट्रे कुठे गेला, कप कुठे गेले, काकांची एक चप्पल अजून त्या हॉलमध्ये आहे.

* * *

रफिकभाईंचं आणखी एक. दिघीच्या जेट्टीवर फेरीबोटीची वाट बघत आमची गाडी उभी होती. मागे शीतपेटी. मृतदेह गार ठेवायची ती काचेची पेटी, त्या दिवशी रिकामीच आगरदांड्याच्या बाजूला पोचवायची होती. ऊन हे! एक कोळीण टोपली घेऊन गाडीपाशी आली, मागच्या काचेतून डोकावली आणि म्हणाली, "भाई, फ्रीज रिकामाच हाय ना? पापलेटं ठेवू का पल्याड जाईस्तो? बर्फ सपला माझा."

रफिकभाई म्हणाले, "ठेव बेन, पण आधी वाच काय लिव्हलाय गाडीवर."

तिने वाचलं. मला वाटलं आता पळणार. तर ती पदर खोचून म्हणते, "मग काय झाला? माझीपण मेलेलीच हायत!"

आम्ही काही ठेवू दिली नाहीत, पेटीची शिस्त असते. पण रफिकभाईंनी स्वतःच्या पाण्याच्या बाटल्यांचा बर्फ तिला काढून दिला. तिने दोन पापलेटं आमच्या मांडीवर टाकली आणि नको म्हटलं तर शिव्या घातल्या. त्या दिवशीचं कालवण काय झालं होतं म्हणून सांगू!

* * *

आता प्रशांतच्या स्थळांकडे येते. एका मध्यस्थाने हुशारी केली. मुलीच्या बापाला एवढंच सांगितलं की मुलाचा घरचा धंदा आहे, सीझन नाही, मंदी नाही, माल पडून राहत नाही. बापाची कळी खुलली. घर बघायला आला तो न कळवता.

आमच्या मागच्या अंगणात बांबूंची चळत, सुतळीची बंडलं, कोरी मडकी ओळीने लावलेली, आणि सकाळीच आलेली झेंडूची टोपली. गृहस्थांनी सगळं डोळे भरून पाहिलं आणि म्हणाले, "वा! मांडवाची तयारी आधीच केलीत की! इतका उत्साह मी कुठे पाहिला नाही."

माझ्या बहिणीने माझ्याकडे पाहिलं. मी प्रशांतकडे. गृहस्थ तर बांबू वाजवून बघायला लागले, "मजबूत आहेत हो!"

शेवटी रफिकभाईच बोलले. "मजबूत असणारच चाचा. आजवर एकाचीपण तक्रार आली नाय."

चहा तसाच राहिला. बहिणीने तो बेसिनमध्ये ओतला आणि मला म्हणाली, "माझ्या पोरात काय कमी आहे गं?" मी बांबूंना लाथ घातली, आणि आठवडाभर लंगडत होते.

* * *

मग आलं म्हसळ्याजवळचं स्थळ. यांना धंदा स्पष्ट सांगितला होता, तरी त्यांनी बोलावलं! मुलगी सायली, औषधाच्या दुकानात कामाला, डोळ्यांत हसू. वडील जरा कडक. आणि नव्वदीची आजी, बाजेवर बसलेली, तोंडात चकचकीत कवळी. मुलीला राहू दे, आजीच मुलाला बघायला लागली.

"व्हय रे, तू मेलेल्यांची तोंडं नीट करतोस म्हणं?"

"हो आजी."

"माझी कवळी बसवशील ना नीट? आमच्या वाडीतली सगुणा गेली तेवा कुणाच्या ध्यानातच न्हाय आलं. बोळक्या तोंडानं गेली बिचारी. मी न्हाय तशी जायची!"

वडील ओरडले, "आई! पाहुणे आलेत!"

प्रशांत एकदम गंभीर. "बसवीन आजी. शब्द देतो."

मग सायलीने एकच प्रश्न विचारला. "तुम्हाला कधी भीती नाही वाटत?"

प्रशांत म्हणाला, "कामावर नाही वाटत. आत्ता वाटतेय."

ती खुदकन हसली. मी मनातल्या मनात अक्षता टाकल्या! पोहे झाले, चहा झाला, आता फक्त उठायचं होतं. मी आणि बहीण वडिलांशी बोलत होतो. तेवढ्यात आमचे राजे उठले, हात जोडले, चपला घातल्या, आणि एक अक्षर न बोलता, मागे वळून न बघता, थेट गाडीत जाऊन बसले!

वडिलांचा चेहरा उतरला. "अहो, आमच्या घरात कोणी गेलंय का? हा माणूस सुतकातल्या घरातून निघाल्यासारखा निघाला!"

मी हजार माफ्या मागितल्या. सवय आहे हो, वाईट मनात नाही हो. पण लग्नाच्या बोलणीत अपशकुन झाला तो झाला. दुसऱ्या दिवशी नकार. सायलीला विचारलंही नसावं कोणी.

गाडीत मी त्याला असा फैलावर घेतला म्हणता! "येतो म्हणायला काय पैसे पडतात रे?" तेव्हापासून मी व्रतच घेतलं. दुकानातून निघाला की, "काय म्हणायचं?" "येतो मावशी." जेवून उठला की, "काय म्हणायचं?" "येतो." रफिकभाई तर तो मोरीत निघाला तरी म्हणवून घ्यायचे. पुढचं स्थळ या एका शब्दासाठी जाऊ द्यायचं नाही, असा मी पणच केला होता.

आणि पोरगा शिकला! उठला की आपोआप येतो. फक्त पुढचं स्थळच येईना. मी मुलींची नावं काढायची आणि तो म्हणायचा, "राहू दे मावशी." मला कळत होतं त्याचं मन कुठे अडकलंय. कळून काय उपयोग?

* * *

त्या म्हसळ्याच्या आजी गेल्या. झोपेतच, तृप्त. फोन सायलीच्या वडिलांचा. आवाज पडलेला. "आईने सांगून ठेवलं होतं, मला त्याच पोराच्या हाती द्या. नातू कतारहून निघालाय, तो येईपर्यंत ठेवायला लागेल. याल का?"

प्रशांतने माझ्या हातातून फोन ओढला. सांत्वन नाही, काही नाही. "कवळी कुठेय? आधी कवळी शोधा!"

गाडी पोचली तेव्हा सायली दारातच उभी होती. रडून डोळे सुजलेले, हातात स्टीलचा डबा. डब्यात कवळी.

प्रशांत आत गेला. दार लोटलं. बऱ्याच वेळाने उघडलं, आणि सगळं घर आजींभोवती जमलं. लुगडं चापूनचोपून, केस विंचरलेले, तोंड कसं मिटलेलं, भरलेलं! वडील बघतच राहिले. "अगं आई," एवढंच म्हणाले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. माझेही डोळे वाहत होते. माझ्या भाच्याचा मला त्या दिवशी जितका अभिमान वाटला तितका कधीच वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी नातू आला, सगळं यथासांग झालं. स्मशानातून माणसं परतली. आम्ही शीतपेटी गाडीत चढवली. ओटीवर भावकी बसलेली. वडील पायरीपर्यंत आले, त्यांनी प्रशांतचे दोन्ही हात धरले. मागे दारात सायली.

प्रशांतने हात जोडले. चपला घातल्या. दोन पावलं टाकली. मग थांबला, मागे वळला, आणि अख्ख्या भावकीसमोर स्वच्छ आवाजात म्हणाला, "येतो."

रफिकभाईंच्या हातातली गाडीची चावी खाली पडली. मी डोळेच मिटून घेतले. मयताच्या घरी! आणि हे मीच शिकवलेलं!

आणि दारातून सायलीचा आवाज आला.

"कधी?"